मागची सीट नावाला

पहिल्या भेटीत माणूस तोंडाकडे बघतो. या माणसाने माझ्या पायांकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, खिशातून टेप काढून मोटरसायकलच्या सीटची उंची मोजली आणि म्हणाला, “ही नको. तुमचे पाय पुरायचे नाहीत.”

“पाय माझे आहेत. पुरवीन मी!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या दवाखान्यात जागा निघाली होती आणि मला ती हवीच होती. वाट निम्मी डांबरी, निम्मी नुसती दगडधोंड्यांची. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, “सोमवारपर्यंत गाडी आली तर तुम्ही, नाहीतर दुसरं कोणी.” म्हणून मला चढावर चढेल आणि हमरस्त्यावरही धावेल अशी गाडी हवी होती. उंच, हलकी, जाड खाचांच्या टायरची. आणि शोरूममधला हा टेपवाला दर वेळी मला एक बुटकी, जड गाडी दाखवायचा.

“रस्त्यावर हीच बरी, डॉक्टर. वाऱ्याला दाद देत नाही.”

“आणि दगडांत आडवी झाली तर? उचलायला तुम्ही येणार?”

“बोलवा की… येईन.”

हसला मेला. गालावर खळी पडते त्याच्या. मला त्या खळीचाही राग आला.

अशा चार चकरा झाल्या. आई म्हणाली, “चप्पल घेताना एवढ्या चकरा मारत नाहीस गं. गाडीच बघतेस ना?” मी आईवरही डाफरले.

शनिवारी गेले ती भांडायच्या तयारीनेच. उंच गाडी शोरूमसमोरच्या गवतावर आडवी केली, तिला पाठ लावली आणि एकटीने उभी केली. “पाय टेकतात का ते काय बघत बसता? पडल्यावर एकटीला उचलता येते का ते बघा! आता चावी द्या.”

त्याने चावी दिली. पण हेल्मेट घालून तोही निघाला. “नियम आहे. मागे आमचा माणूस बसतो.”

“मागची सीट नावाला आहे.”

“मीही नावालाच बसेन.”

गावाबाहेर डांबर संपलं, तशी मी थांबून आरसे आत वळवले. झुडपांत अडकून तुटतात. मग घातली गाडी चढावर. पहिल्या खड्ड्यानंतर गाडी अशी काही हलकी झाली की वाटलं, वा, काय हात बसलाय माझा! आणि मी तोंड सोडलं. “रोज नवं कारण! मी काय रिकामटेकडी आहे? आणि मी मूर्ख, रोज येते! का येते विचारा ना… तुम्ही आवडायला लागलात म्हणून येते. कळलं? आता बोला!”

बोलेना. माथ्यावर थांबून मागे वळले, तर सीट रिकामी.

कशी उतरले, माझं मला माहीत. टेपवाला पहिल्याच खड्ड्याजवळ मातीत फतकल मारून बसला होता, एक बूट हातात.

“लागलं का?” माझा आवाज रडका झाला, त्याचाही मला राग आला. “हाक नाही मारता येत?”

“मारली. पण तुम्ही बोलत होता.”

“काय ऐकलंत?”

“‘रोज नवं कारण’ एवढंच.” तो बुटातली माती झाडत राहिला. “ते खरंय, डॉक्टर. पहिल्या दिवशी खरंच काळजी वाटली होती. नंतर मात्र… गाडी विकली असती, तर तुम्ही परत कशाला आला असता?”

मी थंडच पडले. मग भडकले. “माझी जागा गेली असती! तुमचा खेळ होतो, माझा जीव जातो!”

खळी गेली. “चुकलं माझं. आत्ता बिल करतो, उद्या गाडी तुमच्या दारात. पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

“तोंड दाखवू नका कोण म्हणालं? बसा मागे. आणि घट्ट धरा.”

“कुठे धरू?”

“आता तेही मीच सांगू?”

डांबर लागलं. मागून आवाज आला, “आरसा सरळ करा. रस्त्यावर लागतो.”

मी आरसा वळवला आणि गाडी हळू केली. “वर काय बोलले ते सांगते. एकदाच. तुम्ही मला आवडता… आणि त्याचाच मला भयंकर राग येतो!”

मागून हूं नाही की चूं नाही. पडला की काय परत! आरशात बघितलं—

होता. हेल्मेटची काच वर करून, मातीने माखलेला, खळीसकट.

“वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “परत सांगा ना.”

“खोटारडा!” मी ओरडले. आणि आरशात बघत परत सांगितलं.