रेडीच्या भिंतीतली केबल

शुक्रवारी सकाळी रेडीतल्या लॉजच्या भिंतीला गंगाराम प्लंबरने ड्रिल लावलं आणि आतल्या चालू केबलने त्याचा जीव घेतला. त्याच्या हातातल्या नकाशात तिथे केबल नव्हतीच.

दुपारी तीनला वेंगुर्ल्याची फौजदार आनंदी मालवणातल्या एका ऑफिसात पोचली. इमारतींच्या वीज, नळ आणि एसीच्या कामांची मॉडेलं इथे कॉम्प्युटरवर होतात. तो नकाशाही इथलाच. मालक साल्वादोरने बसाही म्हटलं नाही, सरळ रॉविनाकडे बोट केलं.

"टेम्प्लेट हिचं."

रॉविनाने सहा महिने खपून ते टेम्प्लेट बांधलं होतं. प्रत्येक नवं काम त्याची प्रत काढून सुरू करायचं. रंग, खुणा, नियम सगळं तयार. प्लंबरच्या नकाशात वीजकेबल लाल दिसलीच पाहिजे, हा नियम तिचाच. रेडीच्या कामात नेमका तोच बंद होता. आणि रेडी म्हणजे तिची परीक्षा. ती पार पडली की रॉविना या ऑफिसची प्रमुख होणार होती. आता मात्र निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा तिच्यावर दाखल व्हायचा होता.

आनंदीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाजही नव्हती. तिने टेम्प्लेट उघडायला लावलं. केबल लालभडक दिसत होती.

"अपघात कळल्यावर हिने गुपचूप सुधारलं असणार," अजय म्हणाला. हा इथला बारा वर्षांचा जुना माणूस. नकाशे तपासून सही करणं त्याचं काम. टेम्प्लेट बदलायचा पासवर्ड फक्त त्याच्याकडे आणि रॉविनाकडे होता, आणि तोही ऑफिसबाहेरून चालत नसे.

"टेम्प्लेट नंतर बदललं तर आधीच्या प्रती बदलतात?" आनंदीने विचारलं.

"नाही. निघाली तशीच राहते," रॉविना म्हणाली.

मग दोन आठवड्यांपूर्वी रेडीचं काम सुरू झालं, त्या आठवड्यातली सगळी कामं आनंदीने एकेक उघडायला लावली. सोमवारी देवगडचं. केबल लाल. मंगळवारी रेडी आणि वेंगुर्ल्याचा काजू कारखाना. दोन्हीत केबल गायब. बुधवारी विजयदुर्ग. केबल पुन्हा लाल.

हे चुकून झालेलं नव्हतं.

त्या आठवड्यात रॉविना मावसबहिणीच्या लग्नासाठी गोव्यात होती, सोमवार संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत. रेडीचा नकाशा काढला तो ऑफिसात नवीन लागलेल्या दिव्या नावाच्या मुलीने. केबल दिसली नाही तर विचारलं का नाहीस, असं आनंदीने म्हटल्यावर ती रडू लागली.

"टेम्प्लेटात नाय म्हणजे नको आसात, असा वाटला. रेडीचा काम खरा गुरुवारी घेवचा होता. अजयदादान मंगळवारीच घेवक सांगल्यान. गिऱ्हाईक घाई करता म्हणालो."

आनंदीने तिथूनच लॉजमालकाला फोन लावला. त्याने कसलीच घाई केली नव्हती.

फोन ठेवून ती अजयसमोर बसली.

"चूक असती तर बुधवारी आपोआप सुधारली नसती. भल्या माणसाला सापडली असती, तर त्याने रेडीही सुधारलं असतं. कोणीतरी एका दिवसापुरतं बिघडवलं आणि परत नीट केलं, म्हणजे त्याला रेडीच हवं होतं. काजू कारखाना त्यात उगाच सापडला. दिव्याकडे पासवर्ड नाही, रॉविना गोव्यात. रेडी मंगळवारी ओढून आणलंत ते तुम्ही. आणि तपासणीची ही सही तुमची."

अजयने कबूल करायला फार वेळ घेतला नाही. काल, गुरुवारी, ऑफिसच्या बैठकीत तो नकाशा सगळ्यांपुढे येणार होता. तिथे रॉविनाची फजिती करायची, एवढाच बेत. सहीशिवाय नकाशा बैठकीत येत नाही, म्हणून सही केली. ऐनवेळी बैठक शनिवारवर गेली आणि सही बघून साल्वादोरने नकाशा रेडीला पाठवला. टेम्प्लेट आहे म्हणताना त्यानेही तो उघडून पाहिला नाही.

"नकाशा रेडीक गेलो, ह्या तुका कधी कळला?" आनंदीने विचारलं. ऑफिसची मराठी तिने आता सोडून दिली होती.

"काल सांजेक."

"गंगारामाचो नंबर होतो तुझ्याकडे?"

"होतो."

"मगे फोन कित्याक नाय केलस?"

अजयने टेबलावरचा फोन पालथा घातला.

"शनिवारच्या बैठकीत दाखवूक मगे काय उरला नसता," तो म्हणाला.