बिननावाची हाक

आमच्या अंगदला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, त्या सालची दिवाळी. सून बाळंतपणाला अंबाजोगाईला माहेरी होती, अंगदही तिकडंच. घरात आम्ही दोघं, आणि पुण्याहून सुट्टीला आलेली नात स्वप्नाली. थोरल्या लेकीची मुलगी. सुट्टी मिळाली की पोरगी गड चढत फिरते. त्या खेपेला तिला आमचा तवा डोंगर चढायचा होता.

धर्मापुरीच्या रस्त्यावरून बघितलं तर चुलीवर तवा पालथा घातल्यासारखा दिसतो, म्हणून तवा. खाली सुटा मुरूम, मध्ये सीताफळी, वर काळ्या दगडाचे थर, टोपल्यात भाकरीवर भाकरी ठेवावी तसे. माथ्यावर जायला एकच वाट. दगड उभा फाटलेला आहे, त्या भेगेला आम्ही चिमटा म्हणतो. एका वेळी एकच माणूस जातं, तेही आडवं होऊन. आत वळण आहे. ह्या तोंडाशी उभं राहिलं की त्या तोंडाचं माणूस दिसत नाही.

आमचे मालक पोरवयात तिथं शेरडं चारायचे. नातीनं तव्याचं नाव काढलं आणि ते कोपऱ्यातली काठी पुसायला लागले. बहात्तर वर्षांचे, एक गुडघा धरलेला, मागं एकदा छातीत कळ येऊन लातूरला दवाखान्यात राहून आलेले.

"तुमी कावून निघाले?" मी म्हणाले. "डाक्टरनं जिना चढू नका म्हणलंय."

"जिनाच म्हणला. डोंगराचं नाव काढलं न्हाई त्यानं."

"मग मी बी येते."

"ये की. दमलो तर पाठीवर घेशील."

मी गेले ती एवढ्यासाठीच. त्यांना धडधाकट घरी परत आणायचं होतं. तवा बघायची मला काही हौस नव्हती.

कानातलं यंत्र त्यांनी घरीच ठेवलं. त्याशिवाय त्यांना मोठ्यानं बोललेलंही नीट ऐकू यायचं नाही. "डोंगराचं काय ऐकायचं असतंय?" म्हणाले.

पाडव्याची सकाळ होती. धुई अजून शेतात बसलेली. स्वप्नाली पुढं, मधे ते, मागं मी धपाट्यांचा डबा घेऊन. कुसळं लुगड्याला चिकटत होती, मुरूम पायाखालून सरकत होता. पहिल्या थराला टेकलो तेव्हा स्वप्नालीनं दगडावर थाप मारली.

"आबा, हा सगळा दगड एके काळी वितळून वाहत आलाय. एक थर गार झाला, मग त्याच्यावर दुसरा."

हे तिला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं.

"गार झालाय व्हय?" ते म्हणाले. "हात लाव बरं."

मीही हात लावला. ती बाजू सावलीची, ऊन अजून तिथं पोचलं नव्हतं. दगड कोमट होता. स्वप्नाली म्हणाली, कालचं ऊन धरून ठेवलं असेल. मला पटलं. स्वयंपाक उरकल्यावरही तवा बराच वेळ गरम राहतो.

पुढच्या चढाला ते भरभर निघाले. मी मागून म्हणाले, "अवो, दमानं!"

"ओ," आलं.

ते काही वळले नाहीत. पण ऐकू गेलं म्हणून मला बरं वाटलं. सीताफळीखाली बसल्यावर मी त्यांना म्हणाले, "आज बरं ऐकू येतंय तुमाला."

"काय?"

"ऐकू येतंय म्हणलं!"

"आत्ताच खायचं? न्हाई बे, वर जाऊन खाऊ."

स्वप्नाली पोट धरून हसली. मीही हसले.

इथं एक सांगायला पाहिजे. बावन्न वर्षांच्या संसारात मी त्यांना नावानं हाक मारली नाही. आमच्या वयाच्या बायका मारत नाहीत. अवो म्हणायचं, की ते ओ देणार. पन्नाशीनंतर ह्याच नातीनं मला अक्षरं शिकवली, तेव्हा पहिल्यांदा त्यांचंच नाव लिहिलं. लिहायला कसली आडकाठी नव्हती. तोंडानं मात्र उखाण्यातच.

चिमट्यात आधी स्वप्नाली शिरली, मग ते. मी बाहेर थांबले. जरा वेळानं विचारलं, "अवो! पोचलाव?"

"ओ."

आवाज आतून आला नाही. माझ्या डाव्या अंगाला, दगडाच्या पाठीमागून आला. तिकडं नुसता कडा होता.

माथ्यावर वारं होतं. खाली कापूस फुटलेला, उसाचे हिरवे तुकडे, लांब परळीकडं धुराची रेघ. धपाटे खाल्ले. त्यांनी सीताफळ फोडून मोठा अर्धा भाग माझ्यापुढं धरला. "आजी, फोटो काढते, जवळ बस ना," स्वप्नाली म्हणाली. ते तेवढं बरोबर समजले आणि सरकले. खांद्याला खांदा लागला. पोरीसमोर मला लाज वाटली, पण मी बाजूला झाले नाही.

मग मी स्वप्नालीला त्या ओ चं सांगितलं.

"इको असतो आजी. तू अवो म्हणालीस, दगडातून शेवटचं अक्षर परत आलं. ओ."

मला तेही पटलं.

उतरताना आबांना खालून आधार द्यायला स्वप्नाली आधी गेली. मग ते शिरले. शिरताना माझ्याकडं बघून म्हणाले, "घाबरू नको, हाय मी." टोपी सरळ केली आणि आडवे होऊन आत गेले.

मी थांबले. काठी दगडावर वाजत होती, ती थांबली.

पलीकडून स्वप्नालीचा आवाज आला. "आजी, आबा निघाले का?"

"कवाच गेले की!"

"इकडे नाही आले!"

मी भेगेला तोंड लावलं. "अवो!"

"ओ," आतून.

"अवो, अडकलात का?"

"ओ." ह्या वेळी डोक्यावरून, जिथून आम्ही नुकतेच उठून आलो होतो तिथून.

माझ्या हाकेचं शेवटचं अक्षर "का" होतं.

"आजी, असं अवो अवो काय करतेस!" स्वप्नाली रडवेली झाली होती. "नावानं हाक मार! नाव घे त्यांचं!"

ओठ हलेनात. मग निघालं.

"सुंदरराव!"

सगळं बंद झालं. गवत हलायचं थांबलं. आतून नाही, वरून नाही, कुठूनच काही नाही.

"सुंदरराव!"

मी एवढ्या मोठ्यानं आयुष्यात ओरडले नव्हते.

त्या नावाला कुणी ओ देत नव्हतं.

मला ते घरी न्यायचे होते. दुसरं काही नको होतं.

"अवो," मी म्हणाले. हळूच, चुलीपुढं बसून म्हणते तसं. "अवो, या की."

"ओ."

लगेच पलीकडं स्वप्नालीचं हसणं, रडणं. "आले, आले! आबा, किती घाबरवलंत हो!"

मी आत शिरले. वळणावरचा दगड पाठीला लागला. सगळा डोंगर उन्हानं तापलेला, तेवढाच दगड ओल्या माठासारखा गार होता. मी तिथं थांबले नाही. बाहेर ते उभे होते, टोपी सरळ, हात पुढं केलेला.

"ये, धर."

हात धरला. तापलेला होता.

उतारावर त्यांनी डबा घेतला, काठी नातीला दिली. गुडघ्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मी त्यांना ओवाळलं. कुंकू लावताना बोट चटकलं, पण मी हात मागं घेतला नाही.

त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. यंत्राशिवाय त्यांना सगळं ऐकू येतं. कधी कधी मी हाक मारायच्या आतच ओ येते. पूर्वी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा, आता सकाळचा चहा तेच करतात. थंडीत त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपते, पांघरूण लागत नाही. स्वप्नाली फोनवर म्हणते, आबा किती खुशीत असतात.

परवाच्या संक्रांतीला हळदीकुंकवात बायका अडून बसल्या, उखाणा घ्या म्हणून. ते दाराशी ओट्यावर तीळ निवडत बसले होते. मी नाव घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान वर करून आमच्यातल्या एकेकीकडं बघितलं, कुणाच्या घरचं नाव निघालं म्हणून.

त्यानंतर मी ते घेतलं नाही. अवो म्हणते. ते येतात. जीव लावतात. मीही लावते.

माझे मालक सुंदरराव, अंगदला मुलगा झाला त्या सालच्या पाडव्याला, दुपारी, चिमट्याच्या वळणावर वारले.