आधी कोण वाकणार

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

मी कमरेत वाकले होते ती तशीच राहिले. आता बघा, आमच्या काराकोलच्या लाकडी चर्चमध्ये मोठा उपवास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकमेकांची माफी मागतात. रांगेने एकेकापुढे जायचं, वाकायचं, "मला क्षमा करा" म्हणायचं. समोरच्याने "देव क्षमा करेल, मीही केली" म्हणायचं, की पुढचा. कळायला लागल्यापासून मी हे करत आलेय. पण "कशाबद्दल" असं आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

मान वर केली तर — उंच, किरगीझ, बर्फात रापलेला चेहरा, हातात टोपी. आणि त्याच्या दंडाला लटकलेल्या फेव्रोनिया आजी.

"अहो, तुम्ही कोण? इथे कसे?"

"या आजी आमच्या गल्लीतल्या. दाराशी घसरत होत्या म्हणून दंड धरला, आता त्या सोडतच नाहीत," तो कुजबुजला. "मघापासून अख्खं गाव माझी माफी मागतंय. मीही आपला सगळ्यांना माफ करत सुटलोय. तुम्हाला मात्र विचारावंसं वाटलं."

"मलाच का?"

"तुम्ही काही केलं असेल असं वाटत नाही..."

मला हसू फुटलं. भर चर्चमध्ये! आईने मागून असं कोपर मारलं की कळवळले.

नंतर शेजारच्या खोलीत बायका लोण्यात थबथबलेली शेवटची धिरडी वाढत होत्या. हा ताटली धरून नुसताच उभा.

"खा ना. मांस आठवड्यापूर्वीच सुटलं, उद्यापासून आम्हाला लोणी, दूध, अंडी सगळं बंद."

"माझा कालपासून रोजा सुरू आहे." त्याने खिडकीकडे पाहिलं. "सूर्य मावळायला अजून वेळ आहे."

"म्हणजे तुम्ही दिवसा जेवणार नाही—"

"आणि तुम्ही रात्रीसुद्धा मटणाला हात लावणार नाही." त्याने मोठा सुस्कारा सोडला. "मग तुम्हाला जेवायला बोलवायचं तरी कधी?"

आगाऊ कुठला! ओळख ना पाळख. पण त्याने ते धिरडं हळूच रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, लोण्यासकट! वाढणाऱ्या काकूंचं मन मोडायला नको म्हणून. खरं सांगू? मी तिथेच गेले कामातून.

त्याचं नाव एल्दियार. गावाच्या वर डोंगरात तो लोकांना बर्फावर घसरायला शिकवायचा. मी बाजाराजवळच्या औषधाच्या दुकानात. हे त्याने कुठून शोधून काढलं देव जाणे, पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी स्वारी काउंटरसमोर हजर.

"खोकल्याचं औषध द्या."

"रोजा आहे ना? घेणार कसं?"

तो गडबडला. मग उसनं अवसान आणून म्हणाला, "आजींसाठी."

"फेव्रोनिया आजी सकाळीच येऊन गेल्या. ठणठणीत आहेत."

"मग... मलम द्या काहीतरी."

"कुठे लावायला?"

त्याचे कान लाल झाले, आणि मला अस्सा आनंद झाला म्हणून सांगू! त्या संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही बाजारामागच्या बाकावर बसलो. वितळत्या बर्फाचं पाणी पन्हळीतून टपटप पडत होतं. बांग झाली तसं त्याने कागदी पुडी उघडली. आत बोर्सोक, पिठाचे छोटे तळलेले गोळे.

"पीठ पाण्यात भिजवलंय. दूध नाही, अंडं नाही," तो म्हणाला. "आईला वाटतंय माझं डोकं फिरलंय."

मग रोजच ते सुरू झालं. तो रोजा सोडायचा, मी माझा उपवास सांभाळून खायचे, आणि आमची भांडणं चालायची. कशावरून? तर आदम आणि हव्वेवरून. प्रेमात पडलेली माणसं दुसरं काही बोलत असतील. आम्ही पापाबद्दल बोलायचो.

"तुमचा आदम आणि आमचा आदम एकच ना?" मी म्हटलं.

"एकच. पण आमचा चुकला, रडला, त्याने माफी मागितली, देवाने दिली. विषय संपला. तुम्ही लोक अजून त्या फळाचं ओझं पाठीवर घेऊन फिरताय."

"ओझं नाही रे, आजार म्हण. घरात एकाला लागला की सगळ्यांना लागतो तसा. चूक त्याची, मरण मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं. म्हणून तर देव स्वतः खाली आला, आमचं मरण मेला आणि आम्हाला सोडवलं."

"आमच्यात नाही बुवा तसं. एकाचं ओझं दुसरा उचलत नाही. आपण चुकायचं, आपणच थेट त्याच्याकडे मागायचं. तो देतो."

"मग... एकटं नाही वाटत?"

तो बोर्सोक हातात धरून थांबला. "कधीकधी वाटतं," म्हणाला. एवढं खरं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी पटकन विषय बदलला.

"आणि हव्वा? आमच्याकडे जो तो तिच्याच नावाने खडे फोडतो."

"आमच्याकडे दोघं मिळून चुकले. माफीही दोघांनी मिळून मागितली."

"हे मात्र आवडलं मला."

"मग घे, आणखी एक बोर्सोक घे."

एकदा सैतानावर गाडी आली. आमचा सैतान म्हणजे देवदूतांतला मोठा, गर्वाने पडलेला, तेव्हापासून देवाशी वैर धरून माणसांना गिळायला टपलेला. एल्दियार मान हलवत ऐकत होता.

"आमचा इब्लीस आगीचा, जिन्नांमधला. देवाने सांगितलं, आदमपुढे वाक. तो म्हणाला, मी का वाकू? हा मातीचा, मी याच्यापेक्षा चांगला. झालं, तेवढ्यावर हाकलला गेला. आता फक्त माणसाच्या मनात कुजबुजतो. हात धरून काही करायला लावू शकत नाही."

"नुसतं वाकला नाही म्हणून?"

"नुसतं वाकला नाही म्हणून," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्या दिवशी बाकावरून लवकर उठला.

इकडे घरात खोकी बांधली जात होती. माझी मोठी बहीण रशियात, बार्नाउलला. ईस्टर झाला की आई-बाबा आणि मी कायमचे तिच्याकडे जाणार, हे हिवाळ्यातच ठरलं होतं. मीही हो म्हणून बसले होते. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? शेवटी एकदा बाबा भांडी कागदात गुंडाळत असताना सगळं सांगून टाकलं. आईने डोळ्याला एप्रन लावला. बाबा बराच वेळ एकच बशी गुंडाळत राहिले.

"ग्लाशा," ते म्हणाले, "मी जन्म इथे काढलाय. या लोकांची रीत मला ठाऊक आहे. ज्या मुलीला घरात आणायचं, तिच्या घरी त्यांची वडीलधारी येतात, मुलीच्या कानात डूल घालतात. तसे ते आले तर मी तुझ्या आड येणार नाही. नाही आले, तर बाकावरच्या गप्पांसाठी मुलगी मागे ठेवून जाणारा बाप मी नाही. आमच्याबरोबर यायचं."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. मी नाचतच बाकावर पोचले.

ऐकून एल्दियारने हातातला बोर्सोक पुडीत परत ठेवला.

"वडील नाहीत मला. मग यायचं ते दादाने. तोक्तोसुनदादाने," तो म्हणाला. "आणि दादाशी मी बोलत नाही."

"का?"

"बाबांना जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला आमच्यात घोडा कापावा लागतो. दादाने माझा घोडा कापला. शिंगरू असल्यापासून मी वाढवलेला. मी डोंगरावर होतो, मला विचारलंसुद्धा नाही. येऊन पाहतो तर पाहुण्यांच्या ताटात..." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तसाच निघून गेलो. बाबांसाठी दुआ करायलाही थांबलो नाही. दोन वर्षं झाली."

मला रडूच आलं. मी त्याचा हात धरला. पहिल्यांदा. तरी तोंडाचा पट्टा काही थांबेना.

"जा ना रे त्याच्याकडे. माफी मागून टाक."

"मी मागू? चूक त्याची!"

"आमच्या रांगेत कोणी विचारत नाही, चूक कोणाची ते."

"म्हणूनच तुमची माफी स्वस्त! मी त्याचं ओझं का उचलू? त्याने यावं. मी काही त्याच्यासारखा—"

"बोल ना पुढे. 'मी त्याच्यापेक्षा चांगला' म्हण! हे वाक्य कोणाचं, तूच सांगितलंयस मला."

बोलून गेले आणि जीभ चावली. एल्दियारचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुडी तिथेच बाकावर ठेवली आणि चालू लागला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलेना. मेलेल्या घोड्यासाठी झुरणाऱ्या माणसाला मी इब्लीस म्हटलं होतं! चर्चमध्ये मेणबत्ती लावली, पण प्रार्थना सुचेना. घरी खोकी वाढत होती. माझी पुस्तकं गेली, हिवाळी बूट गेले. आई म्हणाली, "तुझी उशी पण भरू का?" मी म्हटलं, "भर." काय उरलं होतं दुसरं?

ईदच्या दुपारी दारावर थाप पडली.

दारात एक धिप्पाड माणूस, डोक्यावर पांढरी उंच टोपी, बाजूला एक ठेंगणी बाई, आणि त्यांच्या मागे अवघडून उभा एल्दियार.

"मी तोक्तोसुन. ही आमची आई," धिप्पाड माणूस बाबांना म्हणाला. "रीतीप्रमाणे याला गाडीतच बसवायला हवं होतं. पण गाडीचा हीटर बिघडलाय, आणि हा आधीच अर्धा झालाय."

खोक्यांवरच सगळे बसले. चहा झाला. मग तोक्तोसुनदादाने घसा साफ केला.

"आज पहाटे हा माझ्या दारात उभा. मला वाटलं, कोणी गेलं की काय! तर हा वाकला आणि म्हणाला, 'दादा, बाबांच्या जेवणातून मी दुआ न करता उठून गेलो, मला माफ कर.' घोड्याचं नावही काढलं नाही हो याने! घरात दुसरा घोडा नव्हता, मान वडिलांचा होता. पण याला विचारायला हवं होतं. देवाशी काही चुकलो तर देव माफ करतो. पण भावाचं देणं भावानेच सोडावं लागतं, तोवर वरूनही सुटका नाही. हे लहानपणापासून माहीत आहे मला. तरी दोन वर्षं नुसता ताठ बसून राहिलो, आणि हे कालचं पोर माझ्या आधी वाकून मोकळं झालं!" त्याने बाहीने डोळे पुसले. "आगाऊ कार्टा!"

मी एल्दियारकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"आमची मुलगी चर्चमध्ये जाते," बाबा सावकाश म्हणाले. "जातच राहील."

"जाऊ दे की. आमच्यात त्याला आडकाठी नाही."

"आणि पोरंबाळं? ती कुठे जातील?"

"आधी होऊ तर द्यात!" एल्दियारची आई म्हणाली, आणि बाबांसकट सगळे हसले.

मग तिने रुमालाची गाठ सोडली. चांदीचे डूल, जुने, जड. तिने माझे केस मागे सारले आणि थबकली.

"अगं, हिचे कान कुठे टोचलेत?"

खरंच की! कान टोचायची मला लहानपणापासून भीती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. डूल घातल्याशिवाय मागणी पुरी होत नाही. "परत कधीतरी येऊ," दादा पुटपुटला.

"परत कशाला?" मी म्हटलं. औषधांच्या खोक्याची चिकटपट्टी टरकन ओढली आणि कोरी सुई, स्पिरिट, कापूस काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "टोचा."

एल्दियार एवढा घाबरला की त्यालाच पाणी द्यावं लागलं. त्याच्या आईचा हात मात्र स्थिर. कळ मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि उजव्या कानात डूल हलू लागला.

ती डाव्या कानाकडे वळली, तेवढ्यात माझी आई उठली. ईस्टरनंतर ती जाणार आणि मी राहणार, हे तिला आता पक्कं कळलं होतं.

"हा कान मला द्या," आई म्हणाली. तिने दुसरी कोरी सुई घेतली, डोळे पुसले, आणि माझी हनुवटी हातात धरून चेहरा उजेडाकडे वळवला.