नावेला कासरा

होडी तिसऱ्यांदा लव्हाळ्यात घुसली तेव्हा काठावरची सगळी पोरं हसली, एकटी शुभांगी सोडून. होडीत तिचे बाबा होते.

बाबांना वळायचं होतं डावीकडे आणि होडी गेली होती उजवीकडे. बेल्याकडच्या त्यांच्या गावात एखादा बैल मस्तीला आला की बाबांना, म्हणजे नागोरावांना, बोलावणं यायचं. अशा माणसाने एका होडीपुढे हात टेकले होते, आणि चिखलात उतरून ती ढकलताना त्यांचा चेहरा लेकीला पाहवत नव्हता.

होडी आणली होती नागेशकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने. कुठल्याशा तळ्यावरचं बोटिंग बंद पडलं, तिथली ही जुनी होडी. एक शीड, मागे छोटी मोटर आणि तिच्याशेजारी लाकडी दांड्याचं सुकाणू. विकणारा सगळं समजावून सांगत होता तेव्हा काका फोनवर बोलत होते. काकांचं हे असंच, अर्धं ऐकायचं आणि दीडपट सांगायचं. ही होडीच उफराटी आहे, दसरा झाला की परत करू, असं त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं.

पण खरी अडचण दसऱ्याचीच होती. धरणाच्या पाण्यापलीकडे जयवंताआत्या राहायची, बाबांची थोरली बहीण; तिला ते 'बाई' म्हणत. बाबांची आई लवकर गेल्यावर त्यांना तिनेच लहानाचं मोठं केलं. दसऱ्याचं पहिलं सोनं तिच्या हातावर ठेवायचं आणि मग बाकी गावाला, हा बाबांचा नेम. भाऊ येईपर्यंत आत्याही पाण्याशिवाय काही घेत नसे. यंदा रस्त्यावरचा पूल पावसात खचला होता आणि आत्याच्या गुडघ्याने दगा दिला होता. होडी वळली नाही, तर आत्या उद्या वाट पाहत उपाशी बसणार होती.

"बाबाच्या हाताकडं पाहा," शुभांगी पूनमला म्हणाली. पूनम तिची मावसबहीण, सुट्टीत मावल्याहून आलेली. "डावीकडं जायचं असलं का बाबा दांडा डावीकडं ओढते."

"मंग? बैलाला तसंच तर ओढतात," पूनम म्हणाली.

"हे बैल थोडीच आहे!"

झालं, तिघांची तपासणी सुरू झाली. तिसरा म्हणजे शुभांगीचा धाकटा भाऊ भारत, ज्याचे खिसे कायम शेंगांनी फुगलेले असत. गुरांच्या हौदात त्यांनी थर्माकोलचा तुकडा सोडला आणि त्याच्या मागे तेलाच्या डब्याचा पत्रा खोचून त्याला काडीचा दांडा लावला. भारत पुढून दोरा ओढू लागला. दांडा डावीकडे केला तर होडी गेली उजवीकडे, आणि उजवीकडे केला तर डावीकडे. दर वेळी तसंच. एकदा भारतने शेंग सोलायला दोरा सोडला, तर होडी जागच्या जागी राहिली. मग दांडा कुठेही फिरवा, ती ढिम्म हलेना.

म्हणजे होडी उफराटी नव्हती, माणसंच तिला उफराटी हाकत होती. काकांनी हे हसण्यावारी नेलं. लेकरांनी हौदात खेळावं, धरणात नाही, असं म्हणून ते पुन्हा फोनला लागले. बाबांनी मात्र नीट ऐकून घेतलं, होडी पुन्हा पाण्यात घातली, आणि चौथ्यांदा लव्हाळ्यात घुसले.

"डोक्याला समजते, पोरी," ते खिन्नपणे म्हणाले. "हाताला नाही समजत. जलम गेला कासरा ओढण्यात."

शुभांगीला फार वाईट वाटलं. जेवतानाही तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. हात बदलत नाही, तर होडी बदलली तर?

दसऱ्याच्या सकाळी गाडी, नांगर, बैल सगळ्यांची पूजा झाली. होडीला सजवतो म्हणून तिघं झेंडूच्या माळा घेऊन धरणावर पळाली. माळांसोबत गोठ्यातले दोन कासरेही गेले. दोन्ही शुभांगीने सुकाणूच्या दांड्याला बांधले. होडीच्या काठांना कड्या होत्याच. एक कासरा उजव्या कडीतून ओवून डाव्या हाताकडे आणला, दुसरा डाव्या कडीतून उजव्या हाताकडे. आता डावा कासरा ओढला की दांडा उजवीकडे जाणार होता आणि होडी वळणार होती डावीकडे.

"हे काय करून राह्यले तुमी?" काका ओरडले. लाइफ जॅकेट घालून बाबा बैलगाडीवर बसावं तसे बसले आणि त्यांनी कासरे हातात घेतले. तिघंही जॅकेटं घालून चढली. काकांनी मोटर चालू केली. बाबांनी डावा कासरा ओढला आणि होडी शहाण्या बैलागत डावीकडे वळली. बाबांनी नकळत जीभ टाळूला लावून टक्‌टक्‌ केलं, तशी भारत हसून हसून आडवा झाला.

मध्यावर मात्र मोटरीच्या पात्यात शेवाळ अडकलं आणि ती बंद पडली. होडी थांबली. बाबा कासरे ओढत राहिले, पण ती वळेना. पलीकडच्या काठावर आत्या काठी टेकून उभी दिसत होती. काका म्हणाले, शेवटी नडलीच!

शुभांगीला हौद आठवला. थांबलेली होडी वळत नाही, ती आधी चालली पाहिजे.

"पूनम, शीड!"

दोघींनी दोरी ओढली. शीड वर चढलं, क्षणभर फडफडलं आणि पाठीमागच्या वाऱ्याने भरलं. होडी हलली आणि सुकाणू पुन्हा ऐकू लागलं.

बाबांनी काठावर उडी मारली ती थेट आत्याच्या पायाशी. तिच्या तळहातावर आपट्याची पानं ठेवताना ते एवढंच म्हणाले, "बाई, सोनं घ्या." आत्याने त्यांना उठवून जवळ घेतलं. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं आणि दोघांनीही ते पुसलं नाही.

सगळी हकीकत ऐकून आत्या आधी काकांकडे वळली. ते माळेतला झेंडू कुस्करत उभे होते. फोन खिशात ठेवून लेकरांचं ऐकत जा, असं तिने त्यांना सुनावलं आणि काकांनी निमूट मान हलवली. तिघांच्याही हातावर तिने पान ठेवलं. मग शुभांगीच्या डोक्यावर हात ठेवून बाबांना म्हणाली, "तू एवढुसा होता, तवा पहिला कासरा तुह्या हाती मीच देल्ला होता. आता तू हिच्या हाती दे."

जेवणं झाल्यावर, उन्हं कलायच्या आत सगळे परत निघाले. बाबा पुढे बसले, आणि कासरे शुभांगीच्या हातात होते.