जुळ्या गावाची वजाबाकी

परिणाममापन केंद्राच्या सातव्या मजल्यावर, भिंतीएवढ्या पडद्यावर एक शून्य उमटलं. शालिनी वाघचौरे यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. शून्य जिथल्या तिथं होतं.

"दोनदा तपासलं," डॉ. पराग मुजुमदार म्हणाले. माणूस भला होता, आवाजात संकोच होता. "फरक शून्य."

शालिनीताईंना राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो खैरतळे गावाच्या चढणींवर केव्हाच खर्ची पडला होता. सव्वीस वर्षं! अकरा बायकांची 'सकस' नावाची एवढीशी संस्था, आणि तिचं काम एकच: बायकांच्या अंगातलं रक्त वाढवायचं. त्यासाठी लोखंडी कढई. तीत भाजी शिजवायची, शिजताना चिंच-आमसूल घालायचं, म्हणजे आंबटपणानं लोह भाजीत उतरतं आणि तिथून पोटात. सांगायला सोपं, पण सासूच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी भांडून बघा एकदा! आता सरकारचा नवा नियम असा, की दर पाच वर्षांनी संस्थेनं आपल्यामुळे पडलेला फरक सिद्ध करायचा. शून्य आलं की परवाना रद्द, काम बंद.

"माझ्या डोळ्यांदेखत बायका सुधारल्या हो," त्या म्हणाल्या. "चक्कर येऊन विहिरीवर पडायच्या. आता पडत नाहीत."

"ते मलाही दिसतंय. रेशन दुकानातला नेत्रवेधक येईल त्याच्या पापणीआड डोकावतो आणि रक्ताचा आकडा सांगतो, तो खोटं बोलत नाही. पण ताई, तुम्ही नसतात तर? तेवढ्या वर्षांत रस्ता आला, शाळा आली, हाती पैसा खेळला. रक्त त्यानंही वाढतं. मग तुमच्यामुळे किती आणि काळामुळे किती, हे कसं ठरवायचं? त्यासाठी आमचा जुळंशोधक. राज्यातल्या चाळीस हजार गावांतून तो तुमच्या गावाचं जुळं शोधतो. माती, पाणी, पीक, जमिनीचे तुकडे, खाणंपिणं, शिक्षण, रीतभात, सगळं तंतोतंत. तिथं एकच गोष्ट नसते, ती म्हणजे तुम्ही. मग वजाबाकी करायची. उरेल ते तुमचं."

"आणि उरलं काहीच नाही."

"त्या गावातल्या बायकांचं रक्तही तितकंच वाढलंय."

शेजारच्या खुर्चीवर हौसाताई मांडी घालून बसल्या होत्या. संस्थेच्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. कुणी सांगितलं नसतानाही त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्यांनी आता तोंड उघडलं.

"त्या जुळ्या गावाचं नाव काय म्हनायचं, डाक्टर?"

"बोरठाण."

"अगं बया!" हौसाताईंनी कपाळावर हात मारला. "माझी लेक दिलीया की तितं! आन जनाबाईची थोरली. कोंडाबाईच्या दोन्ही नाती..." त्या बोटांवर मोजू लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी पोरी संपेनात.

शालिनीताई ताठ बसल्या. कधी नव्हे ते हसू आलं त्यांना.

"डॉक्टर, तुम्ही जे जे जुळवलंत ना, रान किती, पाणी किती, खाणंपिणं कसं, तेच तर आमच्याकडे सोयरीक जमवताना बघतात! तुमच्या यंत्रानं आमच्या व्याह्यांचं गाव शोधून काढलंय. आणि खैरतळ्याची पोर सासरी जाते ती रुखवतात लोखंडी कढई घेऊन. लाडू-चकल्यांच्या ताटांशेजारी मांडलेली असते, तेलाचा हात फिरवून."

मुजुमदार गोंधळले. "पण तुमच्या नोंदवहीत तसं कुठंच नाही. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीपुढे 'गळती' लिहिलंय."

बोंबला! खरंच होतं ते. पोर सासरी गेली की नाव कमी, शेरा गळती. पहिल्या वर्षी कुणीतरी तसं लिहिलं, पुढं सगळ्यांनी तेच गिरवलं. आपली सगळ्यात मोठी कमाई आपल्याच हातांनी वर्षानुवर्षं तोट्यात लिहीत आलो, हे शालिनीताईंच्या आता ध्यानात आलं.

डॉक्टरांनी मग विवाहनोंदी जोडल्या आणि यंत्राला नवा हुकूम सोडला: कढई न पोचलेलं जुळं गाव शोध. यंत्र बराच वेळ घुमलं. जिथं कढई पोचली नव्हती, ती गावं जुळत नव्हती. जी जुळत होती, तिथं ती केव्हाच जाऊन बसली होती. एका गावातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. हौसाताईंच्या लेकीनं तिच्या नणंदेच्या रुखवतातसुद्धा घातली होती म्हणे. अखेर पडद्यावर ओळ उमटली: तुलनेयोग्य गाव शिल्लक नाही.

"यालाही नियम आहे," मुजुमदार घसा खाकरत म्हणाले. "तीन वर्षांची मुदत मिळते. पण अट अशी, की तेवढ्या काळात तुमचा लाभ बाहेर जाता कामा नये. लग्न होऊन जाणाऱ्या मुलींनी कढई न्यायची नाही. मग एखादं गाव मागं पडेल, फरक दिसेल आणि तुमचं काम वाचेल."

"पोरींचं रक्त आटू द्यायचं, आमचा आकडा दिसावा म्हणून?"

डॉक्टरांनी टेबलावर दोन कागद ठेवले: एक मुदतीचा अर्ज, दुसरा काम बंद करण्याचा.

"आन ऐकल कोन आपलं?" हौसाताई म्हणाल्या. "आपन कढया वाटायच्या सोडून बारा वर्सं झाली, ताई. आता आयाच बाजारातनं आनत्यात. मी आपली वही घिऊन नुसती हिंडते."

शालिनीताईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि असं कानावर पडणं वेगळं.

"डॉक्टर, बोरठाणात आमच्यापैकी कधी कुणी पाऊल ठेवलंय?"

"नाही. नोंद तशीच आहे."

"तरी तिथलं रक्त घसरत नाही?"

"नाही. दर वर्षी थोडं थोडं चढतंच आहे."

"जुळं गाव म्हणजे आम्ही नसलो तर काय होईल त्याचं चित्र, असं तुम्हीच म्हणालात ना? मग ते चित्र समोरच आहे. आता आम्ही नसलो तरी काही अडत नाही." त्यांनी काम बंदचा कागद पुढं ओढला. "तुमचं यंत्र चुकलेलं नाही."

"ताई, मी वर लिहून बघतो—"

"राहू द्या. फार दमलेय मी."

त्यांनी सही केली. याच दिवसासाठी सव्वीस वर्षं घासली होती, आणि आता तो आल्यावर आनंद म्हणावा तर होत नव्हता.

हौसाताईंनी सही वाळेपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, "म्हंजी ताई, उद्यापासनं म्या काय करायचं?"

शालिनीताईंनी पेनाला टोपण लावलं. आणि नऊ जणी अजून खैरतळ्यात निकालाची वाट बघत बसल्या होत्या.