कॉलममध्ये न आलेली ओळ

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या देवळाबाहेर त्या रविवारी पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते. बाजाची पेटी छातीशी धरून अनया पायऱ्या चढली, पण दार उघडायला हातच मोकळा नव्हता. तेवढ्यात एका भिजलेल्या तरुणाने दार ओढून धरलं, एक पाऊल मागे सरला आणि मान झुकवून उभा राहिला.

"मी देवी नाही," ती हसली. "देवी आत आहे."

"सॉरी… सवय आहे."

हा देवांग. लंडनमध्ये वाढलेला, तिथल्या वर्तमानपत्रासाठी राजघराण्याच्या बातम्या देणारा. घराण्यातल्या एक राजकन्या पाहुण्या म्हणून शिकागोला आल्या, त्यांच्यामागून हाही आला. इथल्या मावशीने त्याला कीर्तनाला ओढून आणलं होतं.

सुलभाकाकू कीर्तनाला उभ्या राहिल्या, अनया पेटीला बसली. कीर्तनात सगळे डोळे समोर असतात, तरी कोण कुणाकडे बघतंय ते देवाला बरोबर कळतं. देवांग पेटीकडे बघत होता. म्हणजे… पेटीवरच्या बोटांकडे.

प्रसाद घेताना अनयाने विचारलं, "राजवाड्यात आत जातोस तू?"

"पाळी आली की. आमच्यातल्या एकालाच आत सोडतात. त्याने जे पाहिलं, ऐकलं, ते बाहेर येऊन सगळ्या पेपरांना वाटायचं. रोटा म्हणतात त्याला. स्वतःपुरतं काही ठेवायचं नाही."

"त्या पाहुण्या शिंकल्या तरी?"

"शिंकल्या तरी. रुमालाच्या रंगासकट."

"मग तुझ्यासमोर जपूनच राहायला हवं यार."

पण ती जपून राहिली नाही. पाहुण्या परत गेल्या, देवांग सुट्टी काढून थांबला. दर रविवारी पेटी उचलायचं काम त्याने आपणहून घेतलं. शाळेत तिला पेटीची लाज वाटायची, हेही अनयाने त्याला सांगून टाकलं. कुणालाच न सांगितलेलं.

मग एका रविवारी, कीर्तनाचा पूर्वरंग संपला, पुढच्या कथेआधी काकूंना हार घातला, बुक्का लावला, आणि तेवढ्या वेळात देवांगने अनयाला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं.

"एडिटर मला कॉलम देतोय. दर आठवड्याला, इथूनच. म्हणजे मला शिकागोत राहता येईल."

"अरे, मस्तच की."

"पण त्याला पर्सनल हवंय. पहिला कॉलम तुझ्यावर लिहिलाय. नाहीतर म्हणतो, परत ये." त्याने फोन काढला. "तुला विचारल्याशिवाय पाठवणार नाही. वाचू?"

तो वाचू लागला. दार होतं, झुकलेली मान होती, सूर जमला की तिचं ओठ चावणं होतं. पेटीची लाजही होती. किती सुंदर लिहिलं होतं… अनयाने त्याच्या फोनवर हात ठेवला.

"थांब. शेवटी काय आहे?"

"शेवटी… मी तुझ्याविषयी काय… ते."

"आणि ते मला तुझ्या सगळ्या वाचकांबरोबर कळणार?"

आतून टाळांचा आवाज आला. देवांगने फोन खिशात टाकला.

"वाचू नकोस," ती हळूच म्हणाली. "सांग."

राजवाड्यात न अडखळणारा मुलगा इथे अडखळला. "मला… तू खूप आवडतेस, अनया. एडिटरला कॉलमचं नाही म्हणून कळवतो. पुढच्या आठवड्यात लंडनला जावं लागेल, पण हे वाटून टाकायचं नाहीये मला."

ती बर्फाकडे बघत म्हणाली, "मे महिन्यात सुलभाकाकूंची लंडनला कीर्तनं आहेत. पेटीला मी आहे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू रोटातला माणूस, ऐकलेलं सगळ्यांना वाटणारा. आत्ताही तुला एकट्यालाच सांगतेय." आणि तिने त्याचा गार हात हातात घेतला.

आतून माइकवर काकूंचा आवाज आला, "मंडळी, कथा तयार आहे. पेटीवाली आणि पेटी उचलणारा, दोघं आत आले की सुरू करू."

सभामंडप हसला. देवांगने दार ओढून धरलं, आणि मान झुकवली. या वेळी सवयीने नाही.