साकवावरचा दिवा

"गेला! सात वाजून वीस मिनिटं!" आयुष ओरडला.

साकवावरचा सौरदिवा लुकलुकला आणि विझला. वर्षालीनं वहीत वेळ टिपली. दिवाळीच्या सुट्टीतली ही सलग चौथी संध्याकाळ.

चाकणजवळच्या त्यांच्या वस्तीतून कंपन्यांकडे जाणारी पायवाट ओढ्यावरच्या या अरुंद साकवावरून जायची. विजेचे खांब इथवर पोचलेच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी ओव्हरटाइम करून आठ वाजता परतताना वर्षालीची आई इथूनच अंधारात खाली पडली. पाय मोडलेली ती तासभर हाका मारत होती. शोधायला निघालेल्या वर्षालीनंच त्या ऐकल्या. त्यानंतर ग्रामपंचायतीनं हा दिवा बसवला. पण कामावरच्या बायका परतायच्या आतच तो मान टाकायचा.

"बॅटरी खराब आहे. नवी यायला दोन महिने लागतील," ठेकेदार साहेबराव म्हणाले होते. "पोरांनी यात नाक खुपसू नये!"

आणखी दोन महिने!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वर्षाली, आयुष आणि त्यांचा मित्र धम्मरत्न खांबाखाली उभे राहिले. धम्मरत्ननं मोबाइलवर दिशा पाहिली आणि तो दचकलाच. "अगं, थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. आणि या पॅनलचं तोंड उत्तरेला! उन्हाकडे चक्क पाठ!"

"साहेबराव ऐकतील?" आयुषनं विचारलं.

"सांगून नाही ऐकणार," वर्षाली म्हणाली. "दाखवायला हवं."

धम्मरत्नकडे विज्ञान प्रदर्शनातले दोन सारखे सौरकंदील होते. एकाचं तोंड उत्तरेला, दुसऱ्याचं दक्षिणेला करून त्यांनी ते दिवसभर उन्हात ठेवले. शेळ्या हाकलत आळीपाळीनं पहारा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक उत्तरेला, एक दक्षिणेला.

त्या संध्याकाळी मुलांनी बोलावल्यावरून सरपंच सरूबाई आणि साहेबराव साकवापाशी आले. आधी खांबावरचा दिवा विझला. पाठोपाठ उत्तरेकडचा कंदील. दक्षिणेकडचा मात्र लख्ख जळत होता!

"त्याची बॅटरी चांगली असेल!" साहेबराव फणकारले.

वर्षालीनं वही पुढे केली. "काल हाच कंदील उत्तरेकडे होता, काका. तेव्हा हाच आधी विझला. आम्ही मुद्दाम अदलाबदल केली."

साहेबरावांनी वहीतल्या वेळा वाचल्या.

"बॅटरी न्हाई, तुमचं कामच खराब हाय, साहेबराव!" सरूबाई कडाडल्या.

सकाळी शिडी आली. साहेबरावांनी स्वतः पॅनल दक्षिणेकडे फिरवलं. तिसऱ्या संध्याकाळी आठ वाजता बायका परतल्या, तेव्हा साकवावर उजेड होता.

"आमा मोठ्यांना दिसलं न्हाई, त्ये या लेकरांनी दावलं," सरूबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

वर्षालीची आई काठी टेकत आली होती, पडल्यापासून पहिल्यांदाच. साकवाच्या तोंडाशी ती थबकली. बराच वेळ खालच्या दगडांकडे बघत राहिली. वर्षालीनं तिचा हात घट्ट धरला.

"सोड, बाळा," आई हळूच म्हणाली. "दिसतंय मला."

आणि ती एकटीच पलीकडे गेली.